८७ टक्क्यांचा धाक

डिसेंबर २०१५ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या तिमाहीत नैराश्यावरच्या गोळ्या घेतल्या तर मुलात स्वमग्नता आढळण्याची शक्यता ८७ टक्क्यांनी जास्त असते, असे त्यात म्हटले होते. बातम्यांच्या मथळ्यांत हाच आकडा झळकला.

त्याच वर्षी शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी राज्य शासनाने मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. परभणी त्यांपैकी एक. नैराश्याने ग्रासलेली माणसे घरोघर जाऊन शोधण्याचे काम आशाताईंकडे आले. अशा घरातील सून गरोदर असेल आणि गोळ्या घेत असेल, तर हा मथळा वाचून तिच्या घरचे काय करतील? बहुधा गोळ्या बंद. म्हणून तो आकडा तपासायला हवा.

क्वेबेकमध्ये सुमारे १ लाख ४५ हजार मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. गोळ्यांशी संबंध न आलेल्या मुलांत स्वमग्नता हजारी ७ होती. त्या दोन तिमाहींत संबंध आलेल्या २,५३२ मुलांत ३१, म्हणजे हजारी १२. बाकीचे फरक हिशोबात धरून ८७ टक्के निघाले. आकडा खोटा नाही. पण 'हजारात ७ ऐवजी १२' असे छापले असते, तर किती जणांच्या पोटात गोळा आला असता?

याहून मोठी अडचण तुलनेची आहे. परभणीच्या मुलांना ती कपाशीवरून लगेच कळेल. फवारणी झालेल्या शेतांत कीड जास्त दिसली, म्हणून कीड फवारणीमुळे आली असे कोणी म्हणत नाही. कीड पडते तिथेच फवारणी होते. गोळ्याही आजारी स्त्रीच घेते. मग फरक गोळीचा की आजाराचा, की घराण्यातून आलेल्या गुणसूत्रांचा? संशोधकांनी आईच्या आजाराचा हिशोब धरायचा प्रयत्न केला होता, हे मान्य. पण आजार किती तीव्र होता, हे त्या नोंदींत नव्हते. मथळ्यांना तर या शंकेचे वावडेच.

आपल्या कृषी विद्यापीठात खताची परीक्षा करायची तर एकाच जमिनीचे वाफे पाडतात. माणसांत त्याच्या जवळ जाणारी युक्ती म्हणजे सख्खी भावंडे : एकाच्या वेळी आईने गोळ्या घेतल्या, दुसऱ्याच्या वेळी नाही. २०१७ मध्ये स्वीडनमधील १५ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवर आणि कॅनडातीलच ओंटारिओ प्रांतात अशी तुलना झाली. दोन्हीकडे भावंडांमध्ये स्वमग्नतेचा ठळक फरक उरला नाही.

म्हणजे गोळ्या निर्धोक, असे मात्र नव्हे. स्वीडनच्या भावंडांतही अकाली प्रसूतीचे प्रमाण थोडे जास्त राहिलेच. शेवटच्या महिन्यांत गोळ्या चालू असल्या तर काही बाळे जन्मल्यावर थोडे दिवस किरकिरी, थरथरणारी असतात. पॅरॉक्सेटिन या औषधाबाबत हृदयदोषाचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला. मूल हवे असे ठरताच डॉक्टरांना सांगितले, तर दुसरे औषध निवडता येते.

पण तराजूचे दुसरे पारडे बातम्यांत येतच नाही. २००६ मध्ये अमेरिकेतील २०१ गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळ्या थांबवलेल्यांपैकी ६८ टक्के स्त्रियांचे नैराश्य उलटले, चालू ठेवलेल्यांत २६ टक्के. (या स्त्रिया तज्ज्ञांच्या केंद्रांत येणाऱ्या, म्हणजे जास्त आजारी, सर्वांना हेच प्रमाण लावू नये.) त्याच वर्षी गोव्यातील अभ्यासात, गरोदरपणी मनाने खचलेल्या मातांची बाळे कमी वजनाची असण्याचे प्रमाण जास्त दिसले. हाही संबंधच, कारण सिद्ध झालेले नाही. कपाशीचा नियम इथेही लागू. तरी आजाराची किंमत शून्य धरून गोळीचा हिशोब मांडता येत नाही.

सौम्य नैराश्यात समुपदेशनाने भागू शकते, तीव्र आजारात बहुधा नाही. गोळ्या चालू असलेल्या स्त्रीने त्या एकदम आणि स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. आधी डॉक्टरांना विचारावे. २०२२ पासून १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या फलकावर लिहायला खडूचा एक तुकडा पुरतो.