शेजाऱ्याचं दार की पोलिसांचा फोन? ब्लॉटर नावाच्या 'तयार डेटा'बद्दल

अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या वर्तमानपत्रांत एक सदर बरेचदा सापडतं: पोलीस ब्लॉटर. आठवडाभरात पोलिसांना कुणी काय कळवलं आणि पोलिसांनी काय केलं, याच्या एक-दोन ओळींच्या नोंदी. ब्लॉटर म्हणजे खरं तर टीपकागद, पण ठाण्यातल्या रोजच्या नोंदवहीलाही तेच नाव पडलं. आपल्याकडच्या स्टेशन डायरीची लांबची बहीण म्हणा. फरक एवढाच की ही बहीण दर आठवड्याला पेपरात झळकते.

वाचायला धमाल येते. गॅरेजमध्ये रॅकून शिरलाय. कुणीतरी रात्री बेल वाजवून पळून जातंय. शेजारी रविवारी सकाळी सातला पानं उडवायचं यंत्र लावून बसलाय. मजकूर असला, आणि भाषा मात्र पंचनाम्याची. शेवटी ठरलेलं वाक्य: अधिकारी पोहोचले, कुणी आढळलं नाही. कॅलिफोर्नियातल्या आर्केटा गावच्या 'आर्केटा आय' साप्ताहिकाचे संपादक केव्हिन हूवर यांनी या नोंदींना असा मिश्कील सूर दिला (कधी कधी चक्क पद्यात!) की त्यांचं पुस्तक निघालं. मोंटानातल्या 'बोझमन डेली क्रॉनिकल'नेही निवडक नोंदी पुस्तकरूपात काढल्या.

आता तुमच्यातल्या एखाद्याला वाटेल, अरे, हा तर तयार डेटा! तारीख आहे, वेळ आहे, घटना आहे, वर फुकट. मलाही तसंच वाटलं होतं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका कोर्ससाठी मी जिथे राहते त्या उपनगराच्या साप्ताहिकातल्या तीन वर्षांच्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवल्या आणि प्रत्येकीला एक कोड दिला: गंभीर, किरकोळ किंवा विनोदी. होय, 'विनोदी' असा कोड मी खरोखर ठेवला होता. निष्कर्ष तयारच होता: हे गाव इतकं शांत आहे की लोक बदकांसाठी पोलिसांना फोन करतात. गाइडनी मसुदा वाचला आणि एवढंच विचारलं, "गाव शांत आहे हे तुला कशावरून कळलं? या नोंदींत फोन दिसतात. गाव कुठे दिसतंय?"

हा प्रश्न नीट समजून घ्या, कारण सरकारी नोंदींवर काम करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी विचारला जातो. 1963 मध्ये जॉन किटसूझ आणि ॲरन सिकोरेल यांनी एका छोट्याशा लेखात हेच मांडलं होतं. सरकारी आकडेवारी लोकांच्या वर्तनाबद्दल जितकं सांगते, त्याहून जास्त ती नोंद करणाऱ्या यंत्रणेबद्दल सांगते. ब्लॉटरला लावून बघा. रॅकून तर रोजच फिरतो. ज्या रात्री कुणी फोन उचलला त्याच रात्रीची नोंद होते. फोन घेणाऱ्यासमोर ठरलेली वर्गवारी असते: आवाजाची तक्रार, संशयित व्यक्ती, कुणाची खुशाली बघून येणं. माणूस घाबरून, अडखळत काहीबाही सांगतो, आणि ते त्यातल्या एका खान्यात बसवावं लागतं. मग गाडी जाते, अधिकारी दोन शब्दांत प्रकरण मिटवतो, आणि शेवटी पेपरवाला शंभरातल्या वाचनीय दहा नोंदी उचलतो. माझ्या एक्सेलमध्ये आलं ते या चार चाळण्यांमधून खाली पडलेलं पीठ. मी त्यालाच धान्य समजत होते.

मग लोक फोन करतात तरी कशासाठी? यावर एक जुना, वाचायलाच हवा असा लेख आहे. एलेन कमिंग आणि सहकाऱ्यांनी 1965 मध्ये एका अमेरिकन शहरातल्या पोलिसांकडे आलेले 801 कॉल तपासले. त्यातले जवळपास निम्मे गुन्ह्यांचे नव्हतेच. कुणाला मदत हवी होती, कुणाला आधार, कुणाला घरातल्या भांडणात मध्ये पडणारं माणूस. म्हणजे बदकांचे फोन ही छोट्या गावाची विक्षिप्त सवय नाही. पोलिसांचं रोजचं काम बऱ्याच अंशी असंच असतं.

पण बदकाचं सोडा. शेजाऱ्याच्या यंत्राचा त्रास होतोय, तर माणूस दहा पावलं चालून त्याचं दार का वाजवत नाही? इथे मला एम. पी. बॉमगार्टनर यांचं 'द मॉरल ऑर्डर ऑफ अ सबर्ब' (1988) हे पुस्तक भेटलं. हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

बॉमगार्टनर यांनी न्यूयॉर्कजवळच्या एका उपनगरात राहून क्षेत्रकाम केलं. पुस्तकात गावाचं नाव बदलून 'हॅम्प्टन' ठेवलंय. त्यांची खरी कमाल प्रश्न निवडण्यात आहे. समाजशास्त्रज्ञ एरवी भांडणं बघायला जातात. या बाई न झालेली भांडणं बघायला गेल्या. नवरा-बायको, आई-बाप आणि मुलं, शेजारी, परके: प्रत्येक नात्यात माणसाला राग आला की तो पुढे काय करतो? हॅम्प्टनच्या मध्यमवर्गाचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: काही नाही. सहन करतो, टाळतो, बोलणं कमी करतो, आणि फारच झालं तर अधिकाऱ्यांना कळवतो, तेही शक्यतो आपलं नाव पुढे येऊ न देता. याला त्या 'मॉरल मिनिमलिझम' म्हणतात. मी 'नैतिक काटकसर' असा शब्द वापरते, तुम्हाला बरा सुचला तर सांगा.

कारणही त्या सरधोपट देत नाहीत. लोक सभ्य आहेत म्हणून शांतता आहे असं त्या म्हणत नाहीत. लोक एकमेकांत पुरेसे गुंतलेलेच नाहीत म्हणून शांतता आहे. घरं बदलली जातात, ओळखी वरवरच्या असतात, प्रत्येकाचं मित्रमंडळ वेगळं. भांडायलासुद्धा थोडी जवळीक लागते हो! चाळीत राहिलेल्यांना हे सांगायची गरज नाही. हॅम्प्टनमधल्याच कामगारवर्गात, जिथे नातलग आणि जुने शेजारी जवळजवळ राहतात, तिथे तोंडावर बोलणं जास्त दिसतं, असं त्या दाखवतात. हा फरक गावाच्या आतच सापडतो, हे पुस्तकाचं बलस्थान. 'अमेरिकन असेच असतात' असं म्हणायची सोयच त्या ठेवत नाहीत.

हे वाचून माझ्या नोंदींना एकदम अर्थ आला. विनोदी वाटणारी प्रत्येक ओळ म्हणजे कुणीतरी न वाजवलेलं दार. पेपर नव्याने लिहिला, शीर्षकही झकास सुचलं. आणि मग आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले.

बाबांना रात्री जेवल्यावर शतपावली लागते. आमच्या रस्त्याला पदपथ नाही, दिवे लांब लांब. म्हणून ते उजेडातल्या दोन खांबांच्या मध्येच, हात मागे बांधून, सावकाश, वीस मिनिटं येरझाऱ्या घालायचे. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री पोलिसांची गाडी थांबली. अधिकारी सौजन्याने बोलला, बाबांनी सांगितलं की जेवण झालं, चालतोय. तो शुभरात्री म्हणून निघून गेला. पुढच्या अंकात नोंद आली: एक अनोळखी पुरुष घरांसमोर पुन्हा पुन्हा येजा करत असल्याचा फोन, अधिकाऱ्याने चौकशी केली, तो चालत होता.

मी ती ओळ वाचून हसले. रस्त्याचं नाव दिसेपर्यंत.

त्यानंतर बाबा बाहेर गेले नाहीत. स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर, असे चालायचे, ते थेट परत जाईपर्यंत. आम्ही "थंडी आहे ना" म्हणायचो. जून होता.

हा प्रसंग सांगायचं कारण वेगळं आहे. बॉमगार्टनर यांच्या मांडणीत मला न दिसलेली फट त्या रात्री दिसली. ही मांडणी डोनाल्ड ब्लॅक यांच्या परंपरेतली. त्यात सामाजिक नियंत्रण म्हणजे एखाद्याला काहीतरी खटकलं तर तो काय करतो, हे. म्हणजे मोजमाप खटकणाऱ्याच्या बाजूने होतं. त्या बाजूने फोन ही खरोखर काटकसर आहे: दोन मिनिटं, नाव नाही, समोरासमोर येणं नाही. पण तोच फोन ज्याच्या दारात पोहोचतो त्याच्या बाजूने मोजा. तिथे गणवेशातला, कमरेला बंदूक असलेला माणूस उभा असतो. याला 'किमान' म्हणायचं? पुस्तक परक्यांबद्दलच्या भीतीवरही बोलतं, नाही असं नाही. पण तिथेही आपण बघतो ते खिडकीच्या आतून. रस्त्यावरच्या माणसाला शांतता कितीला पडली, ते बाहेरच राहतं. हॅम्प्टनमध्ये भांडण कमी होतं हे मला पटतं. खर्च कमी होता हे मात्र पटत नाही; तो दुसऱ्याच्या खात्यावर टाकला जात होता.

आणि खटकणारा शेजारीही नेहमी खलनायक नसतो. हार्वर्डचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांना जुलै 2009 मध्ये केंब्रिजमध्ये त्यांच्या स्वतःच्या घरी अटक झाली, ते प्रकरण आठवा. (केंब्रिज हे काही छोटं गाव नाही, पण इथे कॉलची ध्वनिफीत जाहीर झालेली आहे, म्हणून उपयोगी.) फोन करणाऱ्या बाईंनी ध्वनिफितीत सुटकेसचा उल्लेख केला, कदाचित ते तिथलेच राहणारे असतील, किल्ली लागत नसेल, असंही म्हटलं. वंश त्यांनी आपणहून काढला नव्हता. विचारल्यावर, तोही खात्री नाही असं सांगत, त्या एकाबद्दल बोलल्या. पोलिसांच्या लेखी अहवालात मात्र पाठपिशव्या घेतलेले दोन कृष्णवर्णीय पुरुष आले. जेसिका गिलूली यांनी 2020 च्या लेखात हेच प्रकरण फोन घेणाऱ्याच्या खुर्चीतून तपासलंय: बाईंची शंका रस्त्यावरच्या पोलिसांपर्यंत पोहोचलीच नाही. आमच्या रस्त्यावर फोन करणाऱ्यानेही "बहुधा फिरायलाच आलेत, पण जरा बघाल का" असं म्हटलं असेल. ओळीत ते नाही.

म्हणून ब्लॉटरवर काम करू नका असं मी म्हणणार नाही. उलट करा, पण प्रश्न बदला. 'या गावात काय घडतं' हे विचारू नका. 'इथे कोणत्या गोष्टीसाठी फोन केला जातो, आणि त्या फोनचं कागदावर काय होतं' हे विचारा. हॅरॉल्ड गार्फिंकेल यांचं 1967 चं दवाखान्यातल्या 'वाईट' नोंदींवरचं प्रकरण आधी वाचा. नोंदी अपुऱ्या का असतात याला ते संस्थेच्या आतलं कारण देतात आणि 'डेटा खराब आहे' ही आपली रड बंद करतात. मग मॅरिलिन व्हेलन आणि डॉन झिमरमन यांचा 1990 चा लेख घ्या: पोलिसांना फोन करणारा 'मला हे कसं कळलं' ते कसं सिद्ध करतो, याचं शब्दागणिक विश्लेषण. तो वाचून झाल्यावर छापील ओळ कधीच पुरेशी वाटणार नाही.

बॉमगार्टनर मात्र सोडू नका. मी इतकी तक्रार केली तरी माझ्या टेबलावर ते पुस्तक अजून आहे, कारण न झालेल्या गोष्टीचा अभ्यास कसा करावा हे मी त्यातूनच शिकले. वाचताना फक्त प्रत्येक प्रकरणाच्या कडेला एक प्रश्न लिहीत जा: ज्याच्याबद्दल तक्रार झाली, तो या पानावर कुठे आहे?

माझ्या पेपरचं म्हणाल तर 'विनोदी' हा कोड काढलाय. त्या खान्यातल्या 96 नोंदी एकेक करून पुन्हा वाचतेय. त्यातल्या 31 मध्ये कुणीतरी माणूस फक्त चालत, उभा किंवा गाडीत बसलेला आहे. या 31 कॉलच्या मूळ नोंदी आणि ध्वनिफिती मिळाव्यात म्हणून माहितीच्या कायद्याखाली गावाकडे अर्ज केलाय. बाबांचा कॉल धरून. काय मिळतं ते इथे लिहीनच.