कुंडीतली कुमुदिनी आणि गप्पीचा सोपा उपाय

शाळेच्या आवारात सिमेंटच्या टबात कुमुदिनी लावायची म्हटली की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला : पाणी साठवूच नका, डास होतील. दुसरा : चार गप्पी मासे सोडा, काळजी मिटली. दोन्हींचा हेतू चांगला आहे. पण दोन्ही अर्धवट आहेत. विज्ञानाच्या शिक्षकाने ते तपासल्याशिवाय फळ्यावर लिहू नयेत.

पहिला सल्ला शिरूर-दौंडच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात पाळता येणेच कठीण. जिथे नळाचा किंवा टँकरचा भरवसा नाही, तिथे घरोघरी रांजण, पिंपे, हौद भरलेले असणारच. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास नेमका अशा स्वच्छ साठ्यात वाढतो. म्हणजे दोष पाण्याचा नाही. उघड्या, दुर्लक्षित आणि अळ्या खाणारे कोणी नसलेल्या पाण्याचा आहे. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्याच्या 'कोरड्या दिवसा'मागे हेच गणित आहे. मात्र एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून कोरडी असतानाही कित्येक महिने टिकतात. म्हणून पाणी ओतून देणे पुरत नाही, कड घासावी लागते. घोषवाक्यात एवढे मावत नाही. वर्गात मात्र ते सांगता येते.

दुसरा सल्ला अधिक मोहक आहे. गप्पी अळ्या खातो, अंडी न घालता थेट पिले देतो आणि बंदिस्त हौदात उपयोगी पडतो, हे खरेच. पण टबाचा पृष्ठभाग पानांनी गच्च झाकला, तर पानांच्या आडोशाच्या अळ्यांपर्यंत मासा पोचत नाही. जलपर्णी तर लावूच नये : मॅन्सोनिया डासाच्या अळ्या तिच्या मुळांना नळी टोचून हवा घेतात, त्यांना पृष्ठभागावर यावेच लागत नाही. शिवाय वैशाखातल्या उन्हात लहान टब इतका तापतो की मासे मरतात, आणि 'मासे आहेत' या भरवशावर टबाकडे कोणी पाहत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पावसात टब भरून वाहिला, तर तो ओढ्यावाटे घोड नदीत आणि पुढे भीमेत पोचू शकतो. त्याचाच दूरचा नातलग गॅम्बुशिया 1928 साली डासनिर्मूलनासाठी भारतात आणला गेला. तो स्थानिक माशांची अंडी-पिले आणि बेडूकमासेही खातो. आज जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. डासावरचा इलाज नदीवरचा आजार होऊ शकतो, तो असा.

मग पाणबाग करूच नये का? जरूर करावी. टब सावलीत ठेवावा. निम्मा पृष्ठभाग उघडा राहील इतकीच पाने ठेवावीत. पाणी काठाच्या चार बोटे खाली असावे आणि पावसाळ्यात ते वाहून जाणार नाही हे पाहावे. मासे हवेतच तर पृष्ठभागावर टिपणारे छोटे स्थानिक मासे भीमाकाठच्या भोई मंडळींना विचारून मिळवावेत. चतुर या कीटकाची पिल्लेही अळ्या फस्त करतात. ती आपोआप आली तर काढून टाकू नयेत.

आणि दर शनिवारी मुलांनी चहाच्या गाळणीने पाणी ढवळून अळ्या मोजाव्यात. पाण्याला समांतर पडून राहणारी ॲनॉफिलिसची, डोके खाली करून तिरकी लोंबणारी क्युलेक्सची किंवा एडिसची. आकडे वहीत उतरवावेत. दोन शनिवार लागोपाठ अळ्या सापडल्या, तर टब रिकामा करून घासावा आणि चूक कुठे झाली ते शोधावे. चार गप्पी सोडून मोकळे होण्यापेक्षा या वहीतून मुले अधिक शिकतील.