काम्पुंगातला पोरगा आणि आपला मोहल्ला

मराठीत चित्रांतले मूल म्हटले की पहिले नाव चिंटूचे येते, आणि ते रास्तच आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीने १९९१ साली 'सकाळ'मधून हा मुलगा मराठी घराघरांत पोहोचवला. अभ्यासाची टाळाटाळ, क्रिकेट, जोशीकाकूंची बोलणी, मिनीशी भांडण, पप्पूशी दोस्ती असा त्याचा संसार. चिंटूचे वय वाढत नाही. त्याला काल नाही आणि उद्याही नाही, रोजचा एक छोटासा आज तेवढा आहे. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या अनसिंगलाही तो आवडीने वाचला गेला. आम्ही मनापासून हसलो. पण हसताना आपण त्या घरात पाहुणे आहोत, ही जाणीव कधी गेली नाही. त्याच्या घरातले सण, नाती, स्वयंपाक हे सगळे शहरी मध्यमवर्गीय मराठी घराचे. त्याबद्दल कर्त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. ज्याला जे अंगण ठाऊक, ते तो काढणार. आपले अंगण आपण का काढले नाही, हा प्रश्न मात्र आपल्याच दारात येऊन थांबतो.

हा प्रश्न टोकदार केला तो मलेशियाच्या लाट या व्यंगचित्रकाराने. त्याचे खरे नाव मोहम्मद नूर खालिद, जन्म १९५१ चा, पेराक राज्यातल्या खेड्यात वाढलेला. (त्याच्या टोपणनावाचा उच्चार 'लात' याच्या जवळ जातो. मराठीत तसे लिहिणे बरे दिसणार नाही, म्हणून आम्ही लाटच म्हणतो.) त्याचे 'काम्पुंग बॉय' हे पुस्तक १९७९ साली निघाले. त्यामागोमाग 'टाउन बॉय' आले. काम्पुंग म्हणजे खेडे. मॅट नावाच्या मुलाची ही गोष्ट लाटच्या स्वतःच्या बालपणावरून घेतलेली आहे, पण ते काटेकोर आत्मचरित्र नव्हे. काळ्या शाईची मोठमोठी चित्रे आणि खाली हाताने लिहिलेल्या दोन-चार ओळी, एवढाच त्याचा सरंजाम.

पहिल्याच पानांवर मॅट जन्मतो. दुआ पढल्या जातात, जन्मानंतरचे विधी होतात. पुढे त्याला कुरआन शिकायला बसवतात आणि तिथेच त्याला सवंगडी भेटतात. सबकाबरोबर नदीत पोहणे आणि रानात भटकणे सुरू होते. दहाव्या वर्षी सुंता होते. मिरवणूक निघते, मुले नदीवर न्हायला जातात, सगळा गाव जमतो. आणि ज्या गोष्टीची एवढी धास्ती घेतली, ती मुंगी चावावी इतकी किरकोळ निघते. आम्ही हे पुस्तक येथल्या दोन-तीन घरांत नेऊन दाखवले. इंग्रजीचे एक अक्षर न येणाऱ्या एका वयस्कर बाई त्या पानावर थांबल्या आणि पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. त्यांना समजावून सांगण्यासारखे काहीच नव्हते.

हे 'समजावून सांगणे' हाच आमच्या मते आपल्या लेखनाचा जुना आजार आहे. १९९० साली सोलापूरला फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपल्याला मराठीत आपल्या नावाने बोलायचे आहे, हे तेव्हा जाहीरपणे मांडले गेले. पुढे आत्मकथने आली, कविता आल्या. त्यांत वेदना होती, राग होता, बाजू मांडण्याची निकड होती, आणि ती सारी खरी होती. पण सुंता, अकीका, सिपारा असा शब्द आला की आपला लेखक थबकतो. समोर कोणी परका वाचक बसला आहे असे समजून तो खुलासा देतो. खुलासा सुरू झाला की मूल बाजूला पडते आणि समाज उभा राहतो. लाट खुलासा करीत नाही. त्याचा मॅट मुसलमान आहे, पण जसा तो कुरळ्या केसांचा आहे तसाच. त्याला मुसलमानांचा प्रतिनिधी व्हायचे नाही. त्याला पोहायला जायचे आहे.

काही जण म्हणतील, आपल्याकडे तसबिरीलाच हरकत असते. असते खरी, आणि ती घराघरांत वेगळी असते. पण मुले सबक घेत बसल्याचे चित्र काढणाऱ्या या माणसाला १९९४ साली पेराकच्या सुलतानाने 'दातुक' हा किताब दिला, हेही ध्यानात घ्यावे. आमच्या मते आपली खरी अडचण हसण्याची आहे. आपल्या घरातल्या माणसांवर हसलो तर बाहेरचेही हसतील, ही भीती.

लाटमध्ये उणिवा नाहीत असे नाही. त्याच्या गावात ऊन फार गोड पडते. मुलींना त्यात बालपणच नाही. त्या दारात, स्वयंपाकघरात, चित्राच्या कडेला दिसतात. मुलीचे बालपण पाहायचे तर इराणच्या मार्जान सत्रापीच्या 'पर्सेपोलिस'कडे जावे लागते. पण तेथे क्रांती आणि युद्ध घरात शिरलेले असते, साधा दिवस हाती लागणे कठीण. लाटचा गोडवा मात्र आंधळा नाही. खाणीच्या गाळातून मॅट चोरून कथील चाळून आणतो आणि शाबासकी मिळेल म्हणून बापापुढे ठेवतो, तेव्हा मार पडतो. शेवटी खाण कंपनी गावातल्या जमिनी पाहायला येते. मोठे पैसे मिळतील, शहरात घर घेऊ, असे गावकऱ्यांचे मनसुबे चालतात. आणि बोर्डिंगच्या शाळेसाठी निघालेल्या मॅटला आपण परत येईपर्यंत गाव असेच राहावे असे वाटते. ज्यांच्या गावातली पोरे शिकायला आणि पोटाला बाहेर गेली, त्यांना हे पान लवकर उलटवणार नाही.

अनसिंगचा मॅट काढायचा झाला तर एक पेच लाटहून अवघड आहे. संवादाच्या फुग्यात कोणती भाषा लिहायची? दादी म्हणणार, "कायकू रोता रे?" शाळेत तोच मुलगा "गुरुजी, आत येऊ का?" म्हणणार. बाजारात "काय भाव लावला गा?" आणि हाफिजजींपुढे अलिफ, बे. आपले लेखक बहुधा हे सगळे प्रमाण मराठीत इस्त्री करून देतात. मग दादी प्राध्यापिकेसारखी बोलू लागते. चित्रात ही सोय नाही. फुगा ज्याच्या तोंडातून निघतो त्याचाच असावा लागतो. लाटच्या इंग्रजी पुस्तकात मलय शब्द जागोजाग येतात आणि वाचक चित्राच्या आधाराने पुढे सरकतो. आपल्या चार भाषा एकाच पानावर मांडल्या तर मराठी वाचक अडखळेल, हे आम्हाला पटत नाही. तो बाजारात रोज त्या ऐकतोच.

'टाउन बॉय'मध्ये मॅट इपोह शहरात येतो. तेथे त्याला फ्रँकी नावाचा चिनी मुलगा भेटतो. दोघांना जोडते ते रॉक अँड रोलचे वेड. रेकॉर्डी ऐकणे, नाचणे, शहरभर हुंदडणे. आपल्याकडे अशी जोडी लिहिली की चौथ्या पानावर ऐक्याचे भाषण येते, एक राम होतो आणि दुसरा रहीम. लाटच्या पुस्तकात फ्रँकी पुढच्या शिक्षणासाठी परदेशी निघतो. मॅट स्टेशनावर निरोप द्यायला जातो. गाडी सुटते.