भवभूतीचे गाव आणि अनुवादाचे अनुदान

भवभूतीच्या पूर्वजांचे पद्मपूर विदर्भातले, असा निर्देश ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत येतो. वा. वि. मिराशी यांनी ते आमगावजवळचे पदमपूर ठरविले. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हे स्थळ भंडारा जिल्ह्यात मोडत होते. या कवीच्या मराठीतील प्रवेशामागे सार्वजनिक पैशाचा इतिहास आहे. पेशवाईपासून चालत आलेल्या दक्षिणेचा काही अंश मराठी ग्रंथांकडे वळवावा, या १८४९ मधील मागणीला पुण्याच्या शास्त्रीवर्गाने विरोध केला. तरीही १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली आणि स्वतंत्र रचनेबरोबर भाषांतरालाही उत्तेजन मिळू लागले. या वातावरणातच परशुरामतात्या गोडबोले यांचे ‘उत्तररामचरित’ (१८५९) व कृष्णशास्त्री राजवाडे यांचे ‘मालतीमाधव’ मराठीत अवतरले. गोडबोल्यांनी श्लोकांना पद्यरूपच दिल्यामुळे अशी भाषांतरे काव्यानुवादाच्या इतिहासातही मोजावी लागतात.

मात्र मराठीत कोणत्या भाषांतून यायचे, याचा निवाडा पैसा वाटण्यापूर्वीच झालेला होता. संस्कृत आणि इंग्रजी यांना मूळ संहितेचा मान होता. भवभूतीच्याच प्रदेशातील गोंडी, पोवारी यांना तो नव्हता. पुढील काळात संस्था बदलल्या, पण ही उतरंड फारशी हलली नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडीभाषक सुमारे तीस लाख आहेत. तरी ती आठव्या परिशिष्टात नाही, साहित्य अकादेमीच्या चोवीस मान्य भाषांतही नाही. पोवारीची गणना हिंदीखाली होते. झाडीबोली तर मराठीचीच बोली. तिच्यातील कविता प्रमाण मराठीत आणणे हा अनुवाद आहे, हे एखाद्या समितीला पटवून देणेही अवघड जाईल! अकादेमीने १९९६ पासून अमान्य भाषांसाठी ‘भाषा सन्मान’ सुरू केला, हे खरे. पण सन्मान व्यक्तीचा होतो. कागद, जुळणी आणि न खपलेले गठ्ठे प्रकाशकाच्या वाट्याला येतात.

राज्यातील अनुदानामागची वाङ्मयीन धारणाही तपासली पाहिजे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठीची योजना पहिल्या पुस्तकाला आधार देते. तिचे मोल कमी नाही. परंतु तिच्या केंद्रस्थानी एकटा, नवा, स्वतंत्र लेखक आहे. गोंडी गीत समूहाचे असते, त्याचा अनुवादक संकलकही असतो. तेव्हा ‘पहिले पुस्तक’ नेमके कोणाचे, या प्रश्नाला अशा चौकटीत उत्तर नाही.

त्यामानाने ग्रंथालयांची खरेदी छोट्या प्रकाशकाला अधिक उपयोगी पडू शकते. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ चे. व्यवस्था नवी उभारावी लागत नाही. द्विभाषिक काव्यानुवादाच्या ठरावीक प्रती घेण्याची हमी छपाईपूर्वी मिळाली, तर तिचा परिणाम थेट संहितेच्या स्वरूपावर होईल. समोरासमोरच्या पानांवर मूळ आणि अनुवाद छापले की पृष्ठसंख्या जवळजवळ दुप्पट होते, ग्राहक दुप्पट होत नाहीत. मग गाळले जाते ते मूळच. संस्कृत संहिता अन्यत्र सहज उपलब्ध असल्याने गोडबोल्यांचा वाचक अनुवाद ताडून पाहू शकत होता. मौखिक गोंडी गीताच्या वाचकाला हाती असलेल्या मराठी पानापलीकडे जाण्याची वाटच उरत नाही.