कौशल्य, रियाज आणि वरदान : ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या व्हिडिओ गेमची एक समीक्षा

प्रस्तावना

चित्रपट, दूरदर्शन मालिका आणि जाहिरात या माध्यमांची दखल मराठी समीक्षेने उशिरा का होईना घेतली. व्हिडिओ गेमच्या वाट्याला मात्र अद्यापि पालकसभेतील तक्रार आणि वर्तमानपत्रातील ‘व्यसन’ या शीर्षकाखालील बातमी यापलीकडे फारसे काही आलेले नाही. हा खेळ चांगला की वाईट असा प्रश्न वारंवार विचारला जातो. परंतु तो खेळणाऱ्याला काय शिकवतो, कसे शिकवतो आणि जे शिकवतो त्याला कौशल्य म्हणावे काय, हे प्रश्न बाजूलाच राहतात. प्रस्तुत लेखात पुणे येथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने निर्माण केलेल्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या खेळाचा विचार याच दृष्टीने केला आहे. ऑगस्ट २०२० मध्ये हा खेळ प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संगणक व अन्य यंत्रांवर उपलब्ध झाला. २०१७ मधील लोकवर्गणीचा प्रयत्न अयशस्वी ठरूनही लहानशा चमूने तो पूर्णत्वास नेला, ही बाब त्याच्या गुणदोषांची चर्चा करताना विसरता येत नाही. मात्र जिद्दीचे कौतुक म्हणजे समीक्षा नव्हे.

खेळातील कौशल्य : काही पूर्वविचार

फ्रेंच विचारवंत रोजे कायवा याने १९५८ साली खेळांचे चार प्रकार मांडले. स्पर्धा, दैव, अनुकरण आणि भोवंड ही त्यांची ढोबळ मराठी नावे होत. यांपैकी स्पर्धेचे खेळ कौशल्यावर उभे असतात, तर दैवाच्या खेळात खेळाडू फाशाच्या स्वाधीन असतो. सापशिडीत सराव करून कोणी निष्णात होत नाही, बुद्धिबळात होतो. व्हिडिओ गेममध्ये हे चारही प्रकार एकाच पडद्यावर एकत्र येतात आणि म्हणूनच ‘मी आता चांगला खेळू लागलो’ या खेळाडूच्या विधानाचा अर्थ तपासून घ्यावा लागतो. त्याचा हात व नजर तयार झाली, की केवळ त्याच्या पात्राच्या हाती अधिक धारदार शस्त्र आले? पहिल्या प्रकारात बदल माणसात होतो, दुसऱ्यात आकडेमोडीत.

अँडर्स एरिक्सन व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून हेतुपूर्वक सरावाची संकल्पना मांडली. केवळ तास मोजून कौशल्य वाढत नाही. आपल्या उणिवेवर नेमके बोट ठेवणारा, झेपेल त्याहून थोडा अवघड आणि चूक तत्काळ दाखवून देणारा सराव लागतो, असे तिचे सार आहे. संगीताच्या घराण्यांत वाढलेल्या मराठी रसिकाला यात नवल वाटू नये. एकच पलटा शंभरदा घोटवून घेणारे आणि एकविसाव्या वेळी लागलेला चुकीचा स्वर टिपणारे गुरुजी हेच करीत असत.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत याहून थेट पुरावा टॉम स्टॅफर्ड व मायकेल ड्युअर यांनी २०१४ मध्ये पुढे आणला. ‘ॲक्सॉन’ या साध्या ऑनलाइन खेळातील ८,५४,०६४ खेळाडूंच्या गुणांची नोंद त्यांनी तपासली. तेवढाच सराव एका बैठकीत न उरकता मध्ये खंड पाडून करणाऱ्यांचे गुण पुढे अधिक आढळले. आरंभीच्या डावांत ज्यांचे गुण फार वरखाली होत, तेही नंतर सरस ठरले. म्हणजे सुरुवातीला निरनिराळ्या रीती अजमावून चुका करण्याचे मोल नंतर मिळते, असा अर्थ त्यातून निघू शकतो. रात्रभर जागून ‘लेव्हल’ गाठू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला उपदेशाऐवजी हा एक निष्कर्ष ऐकवणे अधिक उपयुक्त ठरेल. खेळाडूला प्रयोग करण्यास मुभा देणे आणि चुकीची किंमत बेताची ठेवणे ही खेळाच्या रचनाकाराची जबाबदारी ठरते, हेही त्यावरून म्हणता येते.

‘राजी’ची कथा आणि तिचा घाट

राजी ही खेळ करून दाखवणारी कसरतपटू मुलगी. रक्षाबंधनाच्या सुमारास असुरांचा हल्ला होतो, तिचा धाकटा भाऊ गोलू पळवला जातो आणि महाबलासुरापर्यंत पोहोचण्यासाठी तिची वाटचाल सुरू होते. दुर्गा व विष्णू ही दैवते तिच्या प्रवासाकडे पाहत आपसांत संवाद करतात. कथनाची ही योजना खेळाचे मोठे बलस्थान होय. नायिकेच्या प्रत्येक पावलावर दोन श्रोत्यांची टिप्पणी चालू राहिल्याने कीर्तनातील निरूपणासारखा परिणाम साधतो. भित्तिचित्रांमधून पुराणकथा उलगडतात, तर कथेचे दुवे सावल्यांच्या बाहुल्यांच्या रूपात येतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपलेल्या चामड्याच्या बाहुल्या ज्याने पाहिल्या असतील, त्याला ही दृश्यभाषा परकी वाटणार नाही. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. राजस्थानी वास्तू, पहाडी लघुचित्रे आणि बालीचा प्रभाव यांचे मिश्रण मात्र कोठे कोठे सजावटीच्या पातळीवरच थांबते. प्रदेश अनेक, परंतु कोणत्याच प्रदेशाची माती पायाला लागत नाही.

असुरांच्या चित्रणात हा उणेपणा विशेष जाणवतो. रत्नागिरी जिल्ह्यातील शिमग्यात आणि नमन-खेळ्यांत संकासूर येतो. काळा वेष, उंच टोपी, कमरेची घुंगरे असा तो अवतरतो, मुले घाबरतात आणि हसतातही. त्याला भीती, थट्टा आणि जवळीक असे तिन्ही पदर आहेत. ‘राजी’तील असुर केवळ मारले जाण्यासाठी येतात. ते कोण आहेत, कशासाठी आले, याविषयी खेळाला कुतूहल नाही.

वरदान की रियाज?

प्रस्तुत समीक्षेचा मुख्य मुद्दा येथे येतो. राजी ही कसरतपटू आहे. भिंतीवरून धावणे, खांबाला गिरकी घेऊन शत्रूवर झेपावणे या तिच्या हालचाली देखण्या आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी नावारूपाला आणलेल्या मल्लखांबाची आठवण महाराष्ट्रातील प्रेक्षकाला व्हावी, इतक्या त्या लयदार आहेत. परंतु मल्लखांबावर साधी तेढी जमण्यापूर्वी किती वेळा घसरावे लागते हे शिकणाऱ्याची मांडी जाणते. ‘राजी’तील खेळाडूला ही गिरकी एका कळीवर प्राप्त होते. मुलीने आयुष्यभर कमावलेले कौशल्य तिच्याकडे आयते आहे. खेळाडूकडे ते यावे यासाठी खेळ फारसे कष्ट घेत नाही.

शस्त्रांबाबत हे अधिकच स्पष्ट होते. दुर्गेचा त्रिशूळ, विष्णूचे धनुष्य आणि पुढे ढाल-तलवार अशी आयुधे राजीला देवतांकडून मिळत जातात. त्यांना वीज, अग्नी यांसारख्या शक्तींची जोड देण्यासाठी कृपेचे गुण साठवायचे असतात आणि ते हव्या त्या शाखेत वाटून टाकायचे असतात. ही वाटणी पुढे बदलताही येते. वरवर पाहता ही प्रयोगाची मुभा आहे आणि स्टॅफर्ड–ड्युअर यांच्या निष्कर्षाशी ती जुळतेही. तथापि प्रयोगाला अर्थ येण्यासाठी वेगवेगळ्या निवडींतून वेगवेगळे खेळणे निष्पन्न व्हावे लागते. येथे बहुतेक लढाया बंदिस्त अंगणात होतात. वार, बगल, पुन्हा वार आणि अधूनमधून खांबावरची झेप एवढ्या भांडवलावर खेळाडू शेवटपर्यंत जाऊ शकतो. कोणतीही शाखा निवडली तरी बोटांना नवे काही शिकावे लागत नाही. सामर्थ्य वाढते, कौशल्य आहे तेथेच राहते.

पौराणिक कथेत वरदानाचे स्थान मोठे आहे, हे मान्य करूनही हा आक्षेप टिकतो. अर्जुनाला पाशुपतास्त्र मिळते ते तपश्चर्येनंतर आणि किरातरूपी शिवाशी झुंज दिल्यानंतर. एकलव्याला तर वरदान नाहीच; केवळ मातीची मूर्ती आणि सराव. म्हणजे ज्या परंपरेतून ‘राजी’ आपली सामग्री घेते, त्या परंपरेने वरदान आणि अभ्यास यांची गाठ घालून ठेवली होती. खेळाने वरदान घेतले, अभ्यास सोडला.

याला एक अपवाद आहे. वर्तुळे फिरवून चित्र जुळवण्याची, झाडाचे तुकडे फिरवून राजी-गोलूच्या आठवणी पुन्हा साकारण्याची जी कोडी मध्ये येतात, ती शांत आणि नेमकी आहेत. तेथे कोणी देव मदतीला येत नाही. खेळाडू पाहतो, चुकतो, परत फिरवतो. भावाची आठवण आणि खेळाडूचे लक्ष एकाच कृतीत मिसळते. अशी कोडी थोडी आणि सोपी आहेत, ही खंत राहते.

रचनेतील आणखी एक दोष कौशल्यवृद्धीच्या आड येतो. कॅमेरा स्थिर असतो. दृष्टिकोन बदलण्याचा अधिकार खेळाडूला नाही. देखाव्याची भव्यता त्यामुळे राखली जाते, परंतु उडी मारताना कड्याचे अंतर नीट उमगत नाही. पडल्यावर जवळच्याच ठिकाणाहून पुन्हा सुरुवात होते, म्हणून शिक्षा सौम्य आहे. पण का पडलो हे कळत नसेल तर सौम्य शिक्षेतूनही शिकणे घडत नाही. चूक आणि तिचे कारण यांचा संबंध तुटला की सराव निव्वळ पुनरावृत्ती होतो. काही तासांत संपणाऱ्या या खेळाचा शेवट घाईने येतो, याचेही मूळ बहुधा येथेच आहे. अंतिम लढाईत खेळाडूची परीक्षा घेण्याजोगे काही त्याच्यात घडवलेलेच नाही.

अलोरे आणि विटीदांडूची मोजणी

हा खेळ कोणापर्यंत पोहोचतो, याचा विचार केल्याशिवाय ही चर्चा अपुरी ठरेल. चिपळूण–कराड मार्गाच्या परिसरातील अलोरे हे कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या वसाहतीमुळे ओळखले जाणारे गाव. शेजारच्या कोळकेवाडी धरणाच्या पायथ्याशी प्रकल्पाचा ३२० मेगावॅट क्षमतेचा तिसरा टप्पा आहे. शहरांतील संगणक ज्या विजेवर चालतात तिचा काही अंश अशा गावांच्या आसपास तयार होतो. निन्टेन्डो स्विच मात्र तेथील सामान्य घराच्या अंदाजपत्रकात बसत नाही. अशा गावांतील तरुणांचा व्हिडिओ गेम म्हणजे प्रामुख्याने मोबाइल. ‘पब्जी’वर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, जुलै २०२१ मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ आला, जुलै २०२२ मध्ये तो हटवला गेला आणि २०२३ मध्ये परतला, हा इतिहास त्यांना ‘राजी’च्या कथेपेक्षा अधिक पाठ असण्याचा संभव आहे. विशेष म्हणजे या परदेशी मुळाच्या खेळात सरावासाठी स्वतंत्र मैदान असते. नेम, बंदुकीचा झटका आवरणे, बोटांची ठेवण या गोष्टी तेथे सुट्या करून घोटता येतात. आशय हिंसक आणि पुष्कळदा पोकळ, पण शिकवण्याची रीत नेटकी. ‘राजी’चे अगदी उलट आहे.

कोकणातील मुलांना पायरीपायरीने अवघड होत जाणारा खेळ नवा नव्हता. विटीदांडूत वकट, लेंड, मूंड, नाल अशी मोजणी होते आणि प्रत्येक शब्दासरशी विटी शरीराच्या निराळ्या जागी, पायावर, मुठीवर, पुढे डोळ्यावर, ठेवून टोलवावी लागते. हे संख्याशब्द द्राविडी भाषांशी नाते सांगणारे आहेत, ही भाषाभ्यासकांच्या आवडीची गोष्ट. खेळाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, डोळ्यावरून विटी टोलवणाऱ्याच्या हातात दांडू तोच असतो. पहिल्या पायरीवर होता तोच. वाढला तो हात. ज्याला आज ‘लेव्हल’ म्हणतात त्याची याहून शुद्ध व्याख्या शोधून सापडणे कठीण.

‘कौशल्य’ या शब्दाची किंमत

कौशल्य या शब्दाला भारतात कायद्याचाही इतिहास आहे आणि त्यातील एक महत्त्वाचा टप्पा जुन्या मुंबई राज्याशी निगडित आहे. शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांसंबंधी ‘मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला’ या १९५७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार आणि ज्यात यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे अशी स्पर्धा यांत भेद केला. पुढे ऑनलाइन पैशांचे खेळ चालवणाऱ्यांनी याच भेदाचा आधार घेतला आणि जाहिरातींत ‘कौशल्याचा खेळ’ हे शब्द इतके वापरले की, त्यांचा अर्थ झिजून गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, सरसकट मनाई केली आणि ई-क्रीडेला स्वतंत्र मान्यता दिली. कौशल्य आणि दैव यांतील रेषा न्यायालयात ओढण्याची गरज पैशांच्या खेळांपुरती त्यामुळे कमी झाली. ती रेषा ओढण्याचे काम आता समीक्षेकडे आले आहे. एखादा खेळ खेळाडूला घडवतो की केवळ त्याच्या पात्राचे आकडे वाढवून त्याला प्रगतीचा भास देतो, हे कलमांत लिहिता येत नाही; खेळ खेळून, त्याची रचना उकलूनच ते सांगावे लागते.

‘राजी’च्या २०२२ मधील सुधारित आवृत्तीत मूळ इंग्रजी संवादांना हिंदी संवादांची जोड मिळाली. दैवतांचा संवाद त्यामुळे अधिक स्वाभाविक वाटतो. लढाईचा मूळ साचा मात्र बदलला नाही. त्रिशूळ मिळाल्यावर तो हाती बसेपर्यंत राजीला, आणि तिच्यासोबत खेळाडूला, दोन-चार वेळा तरी अडखळू देणारा एखादा प्रसंग त्या आवृत्तीत घालणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हते.