अजिंठा : नक्कल, अंदाज आणि मूळ भिंत

वारशाच्या जतनासाठी डिजिटल तंत्रज्ञान हा आजचा विषय. पण मी सुरुवात करणार आहे आगीपासून.

१८४४ साली मद्रासच्या सैन्यातले अधिकारी रॉबर्ट गिल यांच्यावर अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याचं काम सोपवलं गेलं. त्यांनी त्यावर वर्षानुवर्षं घालवली. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यातल्या बहुतेक नकला जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी कामाला लागले. तेरा वर्षांत सुमारे तीनशे कॅनव्हास झाले. १८८५ मध्ये लंडनला पुन्हा आग, आणि शंभराहून जास्त चित्रं गेली!

आता कोणी म्हणेल, आज स्कॅन करून चार ठिकाणी प्रती ठेवल्या की झालं. खरं आहे, प्रती वाढल्या की धोका कमी होतो. पण हार्ड डिस्क बिघडते, फाइलचं स्वरूप जुनं होतं, ती उघडणारं सॉफ्टवेअर बंद पडतं. म्हणजे फाइलचंही जतन करावंच लागतं, आणि त्याला दरवर्षी पैसे लागतात.

पण माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. नकला नीट करता याव्यात, रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्स यांच्या काळात भिंतीवर व्हार्निश फासलं गेलं. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा पक्का केला, हे उपकारच. पण वरचे लेप काळाच्या ओघात पिवळे पडले, आणि पुढच्या पिढ्यांना ते काढत बसावं लागलं. हेतू सगळ्यांचाच चांगला होता, बरं का!

संगणकावरच्या ‘पुनरुज्जीवना’त मला हेच व्हार्निश दिसतं. गिलावा पडलेल्या जागी हात, दागिना, डोळा भरला जातो. चित्र झळझळीत होतं, आपण वा म्हणतो. पण त्यातलं चित्रकाराचं किती आणि आजच्या अंदाजाचं किती? बहुतेक वेळा ते सांगितलेलंच नसतं. भिंतीवरचा लेप निदान रसायनाने काढता येतो. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचं चकचकीत रूप एकदा डोळ्यांत बसलं की ते कसं काढणार? मग खरा पद्मपाणी बघून माणूस म्हणतो, ‘एवढाच होय?’

यावर उपाय माहीत नाही, असं नाही. अशा संगणकीय पुनर्रचनांसाठी २००६ मध्ये लंडन चार्टर नावाची तत्त्वं मांडली गेली. त्याचा गाभा साधा आहे : पुरावा कुठला आणि तर्क कुठला, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. संगणकावर तर हे सहज जमतं. अंदाजाचा थर वेगळा ठेवा, एक बटण दाबलं की तो बाजूला झाला पाहिजे. ग्रिफिथ्स यांना ही सोय नव्हती. आपल्याला आहे, तरी आपण ती वापरत नाही. याला मी तंत्रज्ञानाचा दोष म्हणणार नाही, आळस म्हणेन.

आणि शेवटचं. अजिंठ्याची चित्रं मातीच्या कोरड्या गिलाव्यावर काढलेली आहेत. ओल, वटवाघळं, माणसांच्या श्वासाची वाफ ही त्यांची खरी दुखणी. कितीही बारकाईने स्कॅन केलं तरी त्यातलं एकही दुखणं बरं होत नाही. स्कॅन म्हणजे रोग्याचा एक्स-रे. तो जरूर काढा, जपून ठेवा, दर काही वर्षांनी नवा काढून जुन्याशी ताडून बघा. पण एक्स-रे फ्रेम करून भिंतीवर लावला आणि रोग्याला विसरलो, असं व्हायला नको.