चोवीसचा पाढा आणि गाळलेली वीस वर्षं

नोव्हाक जोकोविचनं 2023 साली अमेरिकन स्पर्धा जिंकून 24 ग्रँड स्लॅम विजेतेपदं पूर्ण केली आणि टेनिसवरचं लेखन पार आकडेमोडीत शिरलं. जोकोविच 24, नदाल 22, फेडरर 20, सॅम्प्रस 14, मग रॉय इमर्सन 12, रॉड लेव्हर 11, बरंच खाली केन रोझवॉल 8. ज्याला त्याला हा पाढा पाठ. त्यात पांचो गोन्झालेस शोधायचा तर फार खाली जावं लागतं, कारण त्याच्या नावापुढे फक्त 2 आहेत: अमेरिकन स्पर्धा, 1948 आणि 1949. ज्या माणसानं 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात जगातल्या प्रत्येक मोठ्या खेळाडूला आमनेसामने हरवलं, त्याची किंमत दोन! हा तक्ता अपुरा नाही, चुकीचा आहे. तो पुन्हा पुन्हा छापला जातो म्हणून हे लिहायला बसलो.

1968 पर्यंत विम्बल्डन, पॅरिस, फॉरेस्ट हिल्सची अमेरिकन स्पर्धा आणि ऑस्ट्रेलिया या चारही स्पर्धांचे दरवाजे व्यावसायिकांना बंद होते, हे वाचकांना सांगायला नको. टिल्डन, व्हाइन्स, पेरी, बज या महायुद्धापूर्वीच्या व्यावसायिक मंडळींबद्दल भरपूर लिहून झालं आहे. ते इथं नको. माझा मुद्दा 1948 ते 1967 या वीस वर्षांपुरता आहे. या काळात उत्तम टेनिस विम्बल्डनच्या हिरवळीवर खेळलं गेलं नाही. ते खेळलं गेलं अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या सभागृहांत, बर्फाच्या रिंकवर आणि लंडनच्या वेम्बलीत, कॅनव्हासच्या किंवा लाकडी पृष्ठभागावर.

26 डिसेंबर 1947 च्या रात्री न्यू यॉर्कमध्ये प्रचंड हिमवर्षाव झाला, शहर ठप्प झालं. तरीही बॉबी रिग्ज आणि नवा व्यावसायिक जॅक क्रेमर यांचा सामना पाहायला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधरा हजारांवर लोक आले. ती रात्र रिग्जची ठरली, दौरा मात्र क्रेमरनं 69-20 असा घेतला. तिथून पुढं एक ठरावीक रीत पडली: विम्बल्डन किंवा फॉरेस्ट हिल्स जिंकून आलेल्या हौशी विजेत्याला करारबद्ध करायचं आणि व्यावसायिकांतल्या अव्वल खेळाडूसमोर गावोगाव उभं करायचं. कॅनव्हासचं कोर्ट गुंडाळून ट्रकमध्ये टाकायचं, रातोरात पुढचं गाव गाठायचं, अंथरायचं, खेळायचं, पुन्हा गुंडाळायचं. तमाशाचा फड जत्रेच्या हंगामात फिरतो तसाच हा फड महिनोन्‌महिने फिरत असे.

या फिरस्तीला आमचे इतिहासकार ‘प्रदर्शनी सामने’ म्हणून बाजूला सारतात. मला मात्र टेनिस या कलेची खरी शाळा तिथं दिसते. हौशी खेळाडूची गाठ एखाद्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी वर्षातून मोजक्या वेळा पडायची. बॅकहँड कच्चा असला तरी चांगल्या ड्रॉच्या जोरावर तो झाकता येई. व्यावसायिक दौऱ्यात तोच माणूस शंभर रात्री समोर असे. आज तुमचं वर्म त्याला कळलं, की उद्या आणि परवा तो तिथंच घाव घालणार. गोन्झालेस 1949 च्या अखेरीस दौऱ्यावर आला तेव्हा अवघा 21 वर्षांचा होता, अमेरिकेचा विजेता होता. क्रेमरनं त्याला 96-27 असं चिरडलं. सव्वाशेच्या आसपास सामन्यांत इतक्या वेळा हरल्यावर दुसरा एखादा संपला असता. पुढची काही वर्षं त्याला मोठा दौरा मिळालाच नाही. तो परतला तेव्हा मात्र त्याला थोपवणारा कुणी उरला नव्हता. टोनी ट्रॅबर्टनं 1955 साली पॅरिस, विम्बल्डन आणि फॉरेस्ट हिल्स जिंकलं होतं. गोन्झालेसनं त्याला 74-27 असं हरवलं. त्या दौऱ्यात ट्रॅबर्टला 80 हजार डॉलरची हमी होती आणि गोन्झालेसला 15 हजारांची. पुढच्या दौऱ्यात रोझवॉल, 50-26. क्लीव्हलंडच्या अमेरिकन व्यावसायिक स्पर्धेत तर 1955 साली टेबल टेनिससारखी 21 गुणांची मोजणी लावून पाहिली. तरी जिंकला गोन्झालेसच.

पण त्याचं मोठेपण मला सर्वांत जास्त 1958 मध्ये दिसतं. ल्यू होड सलग दोनदा विम्बल्डन जिंकून सव्वा लाख डॉलरच्या हमीवर व्यावसायिक झाला होता. मनगटाची अशी ताकद आणि असा निर्धास्तपणा त्या पिढीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता. दौऱ्यात होड 18-9 असा पुढं गेला. गोन्झालेस तेव्हा तीस वर्षांचा होत होता. सर्व्हिसवर विसंबून राहिला असता तर त्याच वर्षी त्याची सद्दी संपली असती. त्यानं भर दौऱ्यात आपला बॅकहँड बदलला. होडच्या पाठीचं दुखणं बळावलं हे खरं, पण 51-36 हा शेवटचा आकडा केवळ दुखापतीनं येत नाही. जगातला अव्वल खेळाडू रोज रात्री तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर हरता हरता आपला फटका नव्यानं घडवतो, याला तोड असेल तर ती मला ठाऊक नाही.

आणि रोझवॉल. ठेंगणी मूर्ती, जेमतेम सर्व्हिस. सर्व्हिस करून थेट नेटवर धाव घ्यायची, हे क्रेमरचं तंत्र सर्वमान्य झालेल्या जमान्यात हा माणूस टिकायलाच नको होता. तो टिकला, कारण दौऱ्यानं त्याला परतीचा फटका आणि व्हॉली शिकवली. त्याचा स्लाइस बॅकहँड नेटवर धावत येणाऱ्याच्या पायाशी उतरे, आणि वाकून उचललेला तो चेंडू पुढच्या फटक्याला आयता मिळे. वेम्बलीत 1960 ते 1963 सलग चार वर्षं तोच जिंकला. वेम्बली, फ्रेंच आणि अमेरिकन या तीन मोठ्या व्यावसायिक स्पर्धा धरल्या तर त्याची 15 विजेतेपदं होतात. त्यात हौशी आणि (1968 पासूनच्या) खुल्या काळातली 8 मिळवा: 23. पाढाच म्हणायचा असेल तर निदान हा म्हणा.

त्याच काळातलं हौशी टेनिस? यारोस्लाव ड्रोबनीचा अपवाद सोडला तर मला त्यात फारसा रस नाही. पिएत्रांजेली, सांताना हे लाल मातीवरचे कसबी लोक. बाकीचे बरेचसे ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक हॅरी हॉपमनच्या साच्यातले गुणी विद्यार्थी. शिवाय यातले बरेच ‘हौशी’ टेबलाखालून खर्चाच्या नावानं पैसे घेत किंवा रॅकेट बनवणाऱ्या कंपन्यांकडून पगार घेत. संघटनांना ते पक्कं ठाऊक होतं. फ्रेड पेरीनं उघडपणे पैसे घेतले तेव्हा ऑल इंग्लंड क्लबनं त्याचं सदस्यत्व काढून घेतलं. उघड घेतलेला पैसा पाप आणि लपवलेला पुण्य, असा हा कारभार होता. 1960 साली टेनिस संघटनांच्या पॅरिसच्या बैठकीत खुल्या स्पर्धांचा ठराव अवघ्या पाच मतांनी पडला. त्या पाच मतांनी होड आणि गोन्झालेस यांच्या विम्बल्डनवरच्या अंतिम लढती आपल्यापासून हिरावून घेतल्या.

आपल्यालाही हा हिशेब लागू करावा लागेल. रामनाथन कृष्णन 1960 आणि 1961 मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेले, त्यांनी व्यावसायिक दौऱ्यात येण्याचा क्रेमरचा प्रस्ताव नाकारला. तो त्यांचा निर्णय होता आणि डेव्हिस चषकावरच्या निष्ठेचा मान राखायलाच हवा. तरी ती हळुवार, अचूक शैली रोझवॉलसमोर पन्नास रात्री कशी घडली असती, हा प्रश्न मला छळतो. 1966 मध्ये भारत मेलबर्नला डेव्हिस चषकाची अंतिम लढत खेळला, कृष्णन-जयदीप मुखर्जींनी न्यूकोम आणि रोचला दुहेरीत हरवलं. अभिमान वाटतोच. पण त्या ऑस्ट्रेलियन संघात लेव्हर आणि रोझवॉल नव्हते, हे आपण सोयीस्करपणे गाळतो.

यावर नेहमी विचारलं जातं: खुलं पर्व सुरू होताच बॉर्नमथला मार्क कॉक्स या हौशी खेळाडूनं गोन्झालेसला हरवलं, 1968 ची अमेरिकन स्पर्धा आर्थर ॲश या हौशीनं जिंकली, त्याचं काय? गोन्झालेस तेव्हा चाळिशीला टेकला होता आणि पाच सेट लढला. बॉर्नमथच्या अंतिम फेरीत रोझवॉल आणि लेव्हर होते; पॅरिसच्या अंतिम फेरीतही तेच. ॲशचा विजय खणखणीत आहे, पण तो 1968 सालच्या ॲशबद्दल सांगतो, 1958 सालच्या टेनिसबद्दल नाही. त्याआधीचा पुरावा हवा तर लेव्हर पाहा. 1962 मध्ये त्यानं चारही स्पर्धा जिंकल्या, म्हणजे तक्त्याच्या हिशेबानं तो जगज्जेता. जानेवारी 1963 मध्ये तो व्यावसायिकांत आला आणि होडनं त्याला एकामागून एक आठ सामन्यांत हरवलं, रोझवॉलनंही धुऊन काढलं. त्याच वर्षी फॉरेस्ट हिल्सवरच्या व्यावसायिक अंतिम सामन्यात रोझवॉल 6-4, 6-2, 6-2. जगज्जेत्याला पुन्हा पहिल्या इयत्तेत बसावं लागलं.

लेव्हर गेल्यावर रिकाम्या मैदानात इमर्सननं 1963 ते 1967 दरम्यान आपल्या 12 पैकी 10 स्पर्धा जिंकल्या. माणूस कष्टाळू आणि सज्जन; 1961 साली त्यानं दोन अंतिम सामन्यांत लेव्हरलाही हरवलं होतं, ते त्याच्या खाती राहू द्या. पण त्या दहांना लेव्हर-रोझवॉलच्या वर बसवणं मला मान्य नाही. दरवाजे उघडल्यावर इमर्सन ग्रँड स्लॅमच्या एकेरीत एकदाही उपांत्यपूर्व फेरीपुढं गेला नाही. वय झालं होतं म्हणाल, तर रोझवॉल त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. त्यानं 1968 ते 1972 दरम्यान चार ग्रँड स्लॅम जिंकली, आणि 1974 मध्ये 39 व्या वर्षी तो विम्बल्डन आणि फॉरेस्ट हिल्स दोन्हीकडे अंतिम फेरीत खेळला.